पेनड्राइव्हला डोळे नसतात : जादूच्या प्रयोगाचं संगीत स्वतः कापायचं की करून घ्यायचं?



जादूच्या प्रयोगात हात चुकला तर पहिल्या रांगेतल्या दहा जणांना कळतं. संगीत चुकलं तर अख्ख्या मंडपाला कळतं. पेटी अजून बंदच आहे आणि शेवटचा ‘ढॅण’ वाजून गेला, असं झालं की लेकरं हसतात आणि हेडसर घड्याळाकडे बघतात. पुढच्या वर्षी त्या शाळेतून फोन येत नाही. आपल्या धंद्यात खरं नुकसान म्हणजे हा न आलेला फोन.

आपल्या सेनगाव तालुक्यात आणि आजूबाजूला हिंगोली, औंढा, जिंतूर, रिसोडकडे जादूगाराला काम आहे. शाळांचं गॅदरिंग आहे, गणपती मंडळं आहेत, यात्रा आणि वाढदिवस आहेत. ही कला मराठीत पोट भरू शकते, हे पुण्याच्या जादूगार रघुवीर (रघुवीर भोपळे, १९२४–१९८४) यांच्या घराने दाखवून दिलंय. मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी हा वारसा तिसऱ्या पिढीपर्यंत नेला. म्हणून आज जादूगाराच्या संगीताकडे धंद्याच्या नजरेने बघू. एडिटिंग पडद्यावर कसं दिसतं ते व्हिडिओत आहे. इथे हिशोब आणि पद्धत लिहून देतोय.

मूळ अडचण काय आहे?

तमाशातला ढोलकीवाला नाचणारीच्या पायाकडे बघून वाजवतो. ती थांबली की तो थांबतो, तिने गिरकी लांबवली की तोही लांबवतो. मोठ्या सर्कशीत आणि जादूच्या प्रयोगात पूर्वी वादक बसायचे, तेही हेच करायचे. आज आपल्याकडे पेनड्राइव्ह आहे, आणि पेनड्राइव्हला डोळे नसतात. तो ३ मिनिटांचं गाणं ३ मिनिटंच वाजवणार. सहाव्या रांगेतलं लेकरू लाजत लाजत स्टेजवर यायला एक मिनिट घेवो नाहीतर वीस सेकंद, त्याला घेणंदेणं नाही.

एडिटिंग म्हणजे त्या पेनड्राइव्हला थोडे डोळे देणं. गाणं चांगलं आहे का, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की ते तुमच्या हातांच्या वेळेवर चालतं का?

आधी घड्याळ, मग गाणं

बहुतेक जण आवडतं गाणं आधी निवडतात आणि मग जादू त्यात कोंबतात. उलटं करा. मोबाइल स्टँडवर लावून, प्रेक्षक जिथे बसतो तिथून, प्रत्येक जादूचं तीन वेळा शूटिंग करा. मग वहीत प्रत्येक जादूचे तीन भाग पाडा.

१. प्रवेश – वस्तू दाखवणं, सुरुवात. याची वेळ जवळपास ठरलेली असते.
२. वाट – प्रेक्षकाला बोलावणं, पत्ता निवडायला लावणं, गप्पा. याची वेळ कधीच ठरलेली नसते.
३. उघड – कबूतर निघालं, पेटी उघडली. इथे सेकंदाचाही फरक चालत नाही.

ठरलेल्या भागासाठी मापात कापलेला तुकडा लागतो. न ठरलेल्या भागासाठी लूप, म्हणजे हवा तितका वेळ फिरत राहणारा तुकडा लागतो. ‘उघड’साठी वेगळी छोटी फाइल, जी तुमच्या इशाऱ्यावरच सुरू होते. एक गाणं लावून मोकळं होण्यापेक्षा एका जादूला अशा तीन फाइल्स करा. अर्धी भानगड इथेच मिटते.

पूर्ण मूकपणे, फक्त संगीतावर होणारी जादू तेवढी वेगळी. तिथे ‘वाट’ नसते, म्हणून एकच सलग ट्रॅक चालतो. जादूगारांच्या ‘फिझम’ या जागतिक स्पर्धेत स्टेजवरच्या सादरीकरणाला ५ ते १० मिनिटांची मर्यादा असते. तिथे तालीम आणि ट्रॅक दोन्ही सेकंदावर बसवावे लागतात.

स्वतः कापायचं तर

कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आपल्या कामाला ते पुरून उरतं.

समेवर कापा. भजनात टाळ धरला असेल तर हे तुम्हाला आधीच येतं. केरवा ८ मात्रांचा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि एक आवर्तन ४ सेकंदांचं. तुमच्या जादूला शूटिंगमध्ये ४७ सेकंद लागले, तर १२ आवर्तनं घ्या, म्हणजे ४८ सेकंद. पुढची सम बरोबर ४८व्या सेकंदाला पडेल, तिथे पेटी उघडा. एक सेकंद हात सावकाश करणं सोपं आहे. समेच्या मधे कापलेलं मात्र कान लगेच पकडतो, ऐकणाऱ्याला तालाचं नावसुद्धा माहीत नसलं तरी.

‘टक्’ आवाज काढा. कापलेल्या जागी बारीक टक् येत असेल तर निवडलेल्या भागावर झेड हे बटण दाबा. कापायच्या रेषा जवळच्या शून्य बिंदूवर सरकतात.

लूप वेव्ह फाइलमध्येच ठेवा. एमपीथ्री करताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीक शांतता चिकटते. ती लूपमध्ये दर फेरीला उचकी लागल्यासारखी ऐकू येते. वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी जागा खाते, पण आजच्या पेनड्राइव्हला ते काहीच नाही.

बोलायचं असेल तिथे गाण्याचे शब्द नकोत. तुमचे शब्द आणि गाण्याचे शब्द एकमेकांवर आदळतात. नुसती वाद्यं घ्या, तीही सुमारे १२ डेसिबलने खाली उतरवून.

सगळ्या फाइल्सचा आवाज सारखा करा. नाहीतर साउंडवाला प्रत्येक ट्रॅकला बटण फिरवत बसेल. शेवटी मोनोमध्ये एक प्रत काढा. गावच्या सिस्टीमवर बऱ्याचदा एकच बाजू जोडलेली असते आणि अर्धं संगीत गायब होतं. भोंग्यातून खालचे जाड सूर नीट येत नाहीत, म्हणून ट्रॅक मोबाइलच्या छोट्या स्पीकरवरही ऐकून बघा. तिथे ठोका कळला तर भोंग्यातही कळेल.

शांतता वापरा. ‘उघड’च्या आधी एक-दोन सेकंद पूर्ण शांत. ढोलाचा मोठा आवाज त्याच्याशिवाय मोठा वाटत नाही. आणि तुमच्या सामानात कुठे स्प्रिंगचा, कडीचा आवाज येत असेल, तर नेमक्या त्या सेकंदाला शांतता नको, जोरदार ठोका हवा. संगीत आवाज झाकतंही.

प्रोफेशनलकडे कधी जायचं?

इथे हिशोब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे टाकून बघा. समजा महिन्याला ८ प्रयोग होतात आणि ४० मिनिटांच्या प्रयोगाचं सगळं संगीत करून द्यायला स्टुडिओवाल्याने ६००० रुपये सांगितले. ऐकून घाम फुटतो. पण तोच शो २ वर्षं चालला तर १९२ प्रयोग होतात, म्हणजे प्रयोगामागे साधारण ३१ रुपये.

आता दुसरी बाजू. ‘मी स्वतः करतो, फुकट होतं’ हे खरं नाही. पहिल्यांदा शिकत करताना ३० तास, म्हणजे चार दिवस गेले धरा. त्या चार दिवसांत शाळांमध्ये फिरून दोन प्रयोग ठरले असते आणि प्रत्येकी १५०० रुपये हातात उरले असते, तर तुमचं ‘फुकट’ ३००० रुपयांना पडलं. मात्र दर महिन्याला एखादी जादू बदलत असाल, तर प्रत्येक बदलासाठी स्टुडिओचे पैसे मोजणं परवडत नाही. तिथे शिकलेलं कामाला येतं.

म्हणून माझा सल्ला असा : कापणं, लूप करणं, आवाज सारखा करणं स्वतः शिका. मूक सादरीकरणाचा सलग ट्रॅक, नवीन धून आणि वाद्यांचं रेकॉर्डिंग एवढं जाणकाराकडून करून घ्या.

त्याला द्यायचं काय? प्रेक्षकांच्या बाजूने काढलेला व्हिडिओ आणि सेकंदांचा तक्ता. जादूचं गुपित सांगायची गरज नाही. ‘१ मिनिट १२ सेकंदाला मोठा ठोका हवा’ एवढं पुरे, का हवा ते तुमच्याजवळ ठेवा. आणि तीन गोष्टी आधीच ठरवून लिहून घ्या : किती बदल फुकट करून देणार, वेव्ह फाइल आणि मूळ प्रोजेक्ट फाइल देणार का, तारीख कोणती.

हक्काचा विषय टाळू नका

गाणं कापलं, त्यातला गायकाचा आवाज काढला, म्हणून ते आपलं होत नाही. लोकांसमोर वाजवण्यासाठी रेकॉर्डिंगच्या आणि शब्द-चालीच्या हक्कांचे परवाने वेगळे असतात. पीपीएल आणि आयपीआरएस ही त्यातली ओळखीची नावं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये लग्नसोहळ्याला सवलत आहे, वाढदिवसाला नाही. शाळेची सवलत तिथल्या शिक्षक-विद्यार्थ्यांच्या सादरीकरणासाठी आहे. पैसे घेऊन बाहेरून जाणाऱ्याने तिच्या भरवशावर राहू नये. आयोजकाला आधीच विचारा, परवाना कोण काढणार?

सोपा मार्ग म्हणजे मोकळं संगीत, उदाहरणार्थ यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी. तिथेही प्रत्येक ट्रॅकची अट वाचा. किंवा गावातल्या ढोलकी-संबळवाल्याकडून स्वतःची धून वाजवून घ्या. त्याला मानधन द्या आणि हक्क सहीनिशी लेखी घ्या, कारण तोंडी दिलेला हक्क कायद्यात चालत नाही. कागदावर मुदतही लिहा. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षंच धरली जाते.

प्रयोगाच्या दिवशी

- फाइल्सची नावं अशी : ०१ प्रवेश, ०२ लूप पत्ते, ०३ उघड पत्ते. गाण्याच्या नावाने साउंडवाल्याला काही कळत नाही.
- त्याला एक कागद द्या : ‘काय दिसलं की कोणता नंबर’. शब्दापेक्षा दिसणारा इशारा बरा, टाळ्यांत शब्द ऐकू येत नाही.
- ब्लूटूथ नको, आवाज किंचित उशिरा येतो. वायर स्वतःची न्या.
- मोबाइलवरून वाजवणार असाल तर फ्लाइट मोड.
- दोन पेनड्राइव्ह, शिवाय मोबाइलमध्ये तिसरी प्रत.

शेवटच्या ट्रॅककडे जास्त लक्ष द्या. ९ एप्रिल १९५६ ला पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात मुलीला करवतीने कापण्याचा प्रयोग केला. मुलगी उठायच्या आतच कार्यक्रम संपल्याचं जाहीर झालं, आणि ती मेली की काय म्हणून घाबरलेल्या प्रेक्षकांचे फोन बीबीसीकडे वाजत राहिले. सरकारांना त्याची प्रसिद्धी मिळाली. आपल्याला हेडसरांचा राग मिळेल. म्हणून नमस्काराचा वेगळा ट्रॅक ठेवा आणि मधली एखादी जादू गाळूनही तो वेळेत वाजेल असं बसवा.

या आठवड्याचं काम

तुमची एकच जादू घ्या. तीन वेळा शूटिंग करा, प्रवेश-वाट-उघड यांचे सेकंद लिहा, तीन फाइल्स बनवा आणि घरच्या चार माणसांसमोर करून बघा. संगीत कसं वाटलं, ते त्यांना विचारू नका. पेटी उघडली तेव्हा ते काय करत होते, तेवढं बघा. चौघांचेही डोळे पेटीवर होते, तर ट्रॅक जमला.

सेकंदांचा तक्ता व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात त्यातले दोन तक्ते घेऊन आपण त्यांचे तुकडे पाडू.