धवलेरीचं लग्न आणि कायद्याचं कलम

प्रश्न : मी वांगणीची, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. धर्म आणि कायदा यांच्या नात्यावर संशोधन करून प्राध्यापक होता येईल का? मला संस्कृत येत नाही.

उत्तर : नक्की होता येईल. एलएलएम, विधी विषयाची नेट आणि पीएचडी अशी वाट आहे. चिकाटी मात्र हवी. भारतरत्न पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करायचे. त्यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली निघाला, शेवटचा १९६२ साली.

संस्कृतची धास्ती घेऊ नका, तुमचा विषय तुमच्या अंगणात आहे. वारली आदिवासींच्या लग्नात भिंतीवर चौक म्हणजे चित्र लिहितात, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरी बाई गाणी म्हणत लग्न लावते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा कलम २(२) नुसार, केंद्राची अधिसूचना नसेल तर, अनुसूचित जमातींना लागू नाही. मग कोर्टात आधार उरतो रूढीचा, आणि ती सिद्ध करावी लागते. सूरजमणी स्टेला कुजूर खटल्यात (२००१) एका आदिवासी पत्नीने नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध दाद मागितली. दुसरं लग्न रद्द ठरवणारी रूढी सिद्ध झाली नाही, म्हणून ती हरली. लिहून ठेवलेल्या रूढीची किंमत इथे कळते.

म्हणून या सुट्टीतच गावातल्या धवलेरीकडे जा. तिची परवानगी घ्या आणि लग्न कसं लागतं, कसं मोडतं, जमीन कुणाला जाते, हे तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या.