भावना आणि क्रियापदें

विद्यार्थी मित्रहो, व्याकरणाचा तास म्हटला कीं तुम्हांपैकीं पुष्कळांना कंटाळा येतो. या एका वाक्यांतच आजचा पाठ दडलेला आहे. कंटाळा 'येतो' असें आपण म्हणतों. परंतु अभ्यासाचा कंटाळा 'करूं नकोस' असेंहि वडील माणसें सांगतात. या दोन क्रियापदांत काय भेद आहे, तें पाहूं.

'मला राग आला' या वाक्यांत 'मला' ही चतुर्थी आहे आणि क्रियापद 'राग' या शब्दाप्रमाणें चालतें. बोलणारा मुलगा असो वा मुलगी, 'राग आला', 'भीति वाटली', 'दुःख झालें' हीं रूपें बदलत नाहींत. म्हणजे मराठींत भावना ही वाक्याची धनीण असते. माणूस केवळ तिचें घर होतो. ती कशी आली, हें क्रियापद सांगतें. राग, दया, आठवण हीं अवचित येतात. भीति, लाज, अभिमान हीं मनास वाटतात. आनंद व पश्चात्ताप होतात. ओढ, हुरहुर, लळा हीं मात्र लागतात, आणि लागलेलें सहज सुटत नाहीं. कर्जतच्या डोंगरांतील वाडीवरून वसतिगृहांत आलेल्या मुलास घराची ओढ 'वाटते' म्हणण्यापेक्षां 'लागते' म्हणणेंच खरें.

इतर भाषांचें काय? पश्चिम आफ्रिकेंतील सेनेगल व गांबिया या देशांत वोलोफ भाषा बोलतात. त्या भाषेंत हृदयास 'खोल' म्हणतात व थंड असण्यास 'सेद्द'. 'माझें हृदय थंड आहे' म्हणजे मी संतुष्ट आहें, असा तेथील अर्थ. इंग्रजींत थंड हृदयाचा माणूस निर्दय ठरतो. पण वैशाखांत कर्जत-खालापुराकडील ऊन सोसलेल्या आपणांस वोलोफ माणसाचें म्हणणें लगेच पटेल. आपलेंहि काळीज थंड होतें, डोळे निवतात, आणि रागानें डोकें तापतें.

आतां पाठाचा मुख्य भाग. आलेल्या भावनेचें पुढें आपण काय करतों, यासाठीं मराठीनें निराळीं क्रियापदें ठेविलीं आहेत. राग येतो, पण तो 'धरतों' आपण. माया लागते, पण ती 'लावतों' आपण. दया येते, पण ती 'करावी' लागते. पहिल्या क्रियापदांत आपणांस दोष नाहीं व श्रेयहि नाहीं; दुसऱ्यांत दोन्ही आहेत.

ता. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती ठाकर बांधवांची वाडी. तेथें वाहन जाईल असा रस्ता नव्हता. बातमी ऐकून हळहळ सर्वांनाच वाटली. पण भर पावसांत, चिखल तुडवीत जे डोंगर चढून गेले, त्यांच्यासाठीं 'वाटली' हें क्रियापद अपुरें पडतें. आपल्या कोणा सोबत्यावर असा प्रसंग आला, तर 'फार वाईट वाटलें' एवढें लिहून थांबूं नये. त्याच्याजवळ बसावें, त्यास धीर द्यावा. धीर हा 'देण्याचा' शब्द आहे, हेंहि ध्यानांत ठेवावें.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं मोरो केशव दामले यांचें १९११ सालीं प्रसिद्ध झालेलें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' अवश्य चाळावें. इतरांनीं पुढील अभ्यास करावा: लोभ, आशा, संशय, विश्वास व द्वेष या शब्दांस कोणकोणतीं क्रियापदें जोडतां येतात तीं लिहावीं, आणि त्यांपैकीं कोणतीं आपल्या हातचीं आहेत, त्यांखालीं रेघ ओढावी. रेघा ओढून झाल्यावर वही मिटण्यापूर्वीं त्या शब्दांकडे पुन्हां एकदां नीट पाहावें.