वणव्यानंतरची पालवी : कापडी चित्राचा एक समवायी पाठ

इयत्ता : पाचवी. विषय : हस्तव्यवसाय व निसर्गपरिचय. अवधी : दोन तासिका.

प्रस्तावना : फाल्गुन-चैत्रात डोंगरउतारावर वणव्याचा काळा पट्टा पाहिला नाही, असे मूल खेड्यातील शाळेत क्वचितच असेल. या परिचित दृश्यापासून पाठाचा आरंभ करावा. "जळालेल्या जागी प्रथम काय उगवते?" असे विचारून मुलांची उत्तरे फळ्यावर लिहावीत.

विषयविवेचन : नंतर अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची हकीकत सांगावी. सन १९८८ च्या उन्हाळ्यात तेथील सुमारे ७,९३,८८० एकर, म्हणजे उद्यानाचे ३६ टक्के क्षेत्र वणव्यांनी व्यापले. हजारो माणसांना न आवरलेली ती आग ११ सप्टेंबर रोजी बर्फ पडल्यावर मंदावली. तथापि बहुतेक ठिकाणी मातीचा वरचा पातळ थरच होरपळला होता. खालची मुळे जिवंत राहिली. तेथील लॉजपोल पाइन वृक्षाचे अनेक शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात. आगीच्या धगीने राळ वितळते, शंकू उघडतात व बी राखेवर पडते. पुढच्याच वर्षी काळ्या खोडांच्या पायथ्याशी रानफुले व पाइनची रोपे दिसू लागली.

कृती : हे दृश्य गोधडीच्या रीतीने कापडावर उतरवावे. मुलांनी घरून जुन्या साड्या-धोतरांचे तुकडे आणावेत. करड्या कापडाचा पाया घेऊन त्यावर काळ्या पट्ट्यांची खोडे, कडा दुमडून, धावदोऱ्याने शिवावीत. हिरव्या दोऱ्याच्या आखूड टाक्यांनी रोपे व गुलाबी गाठींच्या टाक्यांनी फुले काढावीत. सर्व कापड हिरवे करण्याची मुलांना घाई होते, ती आवरावी. राख दिसत राहिली तरच अंकुराचे मोल कळते.

विशेष सूचना : एखादे मूल म्हणेल, "मग वणवा चांगलाच की, गुरुजी!" हा प्रश्न टाळू नये, पाठाचे मर्म येथेच आहे. यलोस्टोनच्या पाइनवनात मोठी आग शंभराहून अधिक वर्षांच्या अंतराने येते. तेवढ्या अवधीत रोपांचे वृक्ष होतात. आपल्याकडील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. एकच उतार वर्षानुवर्षे पेटत राहिला, तर रोपाला वाढण्यास अवसर मिळत नाही आणि उघडी पडलेली माती पावसात वाहून जाते.

स्वाध्याय : कापडाची एक कड कोरी ठेवावी. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुलांना जवळच्या जळालेल्या उतारावर न्यावे आणि तेथे प्रत्यक्ष जे उगवलेले दिसेल, तेवढेच त्या कडेवर शिवून घ्यावे.