गीझरचे आवाज : ऐकावे कसे, ओळखावे कसे

महाराष्ट्रातील जुन्या घरांत न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब असे. बंगळुरूच्या जुन्या घरांतही चुलीवर कायमचे बसविलेले तांब्याचे मोठे भांडे असे; कन्नड माणसे त्याला ‘हंडे’ म्हणतात. या दोन्ही साधनांत पाणी किती आहे, किती तापले आहे आणि तळाशी काय साचले आहे, हे झाकण काढून पाहता येई. आज त्या जागी भिंतीवर विजेचा गीझर आला आहे. तो चारी बाजूंनी बंद असतो. त्याच्या पोटात काय चालले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. आठ-दहा वर्षांचा झाला की तो निरनिराळे आवाज मात्र करू लागतो. हे आवाज निरर्थक नसतात. कोणता आवाज केव्हा येतो, याकडे नीट लक्ष दिले तर निरुपद्रवी आवाज कोणता, देखभाल मागणारा कोणता आणि तत्काळ वीज बंद करावयास लावणारा कोणता, हे सामान्य गृहस्थालाही सांगता येते. प्रस्तुत लेखात त्याची ओळख करून देण्याचा प्रयत्न आहे.

गीझरची अंतर्रचना

साठवणीच्या गीझरमध्ये एक धातूची टाकी असते. थंड पाणी खालच्या नळीने आत येते आणि गरम पाणी हलके असल्यामुळे वर जमून वरच्या टोकाकडून बाहेर पडते. पाणी तापविण्याचे काम कॉईल करते. ठरावीक तापमान गाठताच थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो बिघडल्यास तापमान हाताबाहेर जाऊ नये म्हणून थर्मल कट-आऊट नावाचा दुसरा पहारेकरी असतो. त्याउपर टाकीतील दाब वाढला तर पाणी बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे सुरक्षा-झडप, असते. याखेरीज बहुतेक टाक्यांत मॅग्नेशियमचा एक दांडा, अ‍ॅनोड रॉड, बसविलेला असतो. तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजण्यापासून वाचवितो. गीझरचा प्रत्येक आवाज यांपैकी कोणत्या ना कोणत्या भागाकडे बोट दाखवितो.

खदखद आणि फुटल्यासारखा आवाज

गीझर सुरू केल्यावर काही मिनिटांत आतून खदखद, गुरगुर किंवा लाह्या फुटल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि पाणी तापून वीज तुटताच तो थांबतो. जुन्या गीझरची ही सर्वांत सामान्य तक्रार होय. बंगळुरूत ती विशेष आढळते, आणि तिचे कारण गीझरपेक्षा पाण्यात अधिक आहे.

या शहराला नळाने मिळणारे कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, तोरेकाडनहळ्ळी येथून, उपसून आणले जाते. या योजनेचा पहिला टप्पा 1974 मध्ये पूर्ण झाला. पाचवा टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. दिवसाला 77 कोटी 50 लाख लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता असून तो शहरात नव्याने सामील झालेल्या 110 गावांसाठी आखलेला आहे. तथापि शहराच्या कडेच्या असंख्य वसाहतींचे जीवन दीर्घकाळ बोअरवेल आणि टँकर यांवरच चालत आले. 2024 च्या उन्हाळ्यातील टंचाईत तर बोअर आटले आणि टँकरने येईल ते पाणी अनेक कुटुंबांना घ्यावे लागले. कावेरीचे पाणी त्या मानाने मृदू असते. खडकांच्या भेगांतून उपसलेले बोअरचे पाणी मात्र बहुधा जड, म्हणजे शालेय परिभाषेत दुष्फेन, असते. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 मिलिग्रॅमपर्यंत चालावी. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीदेखील गीझरला जाचक ठरू शकते.

जड पाण्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्याचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे एक प्रकारचा चुना, मोकळा होतो. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. चुन्याचे नेमके उलट आहे. त्यामुळे जो भाग सर्वांत तप्त, त्यावरच, म्हणजे कॉईलवर, तो थर धरतो आणि त्याचे तुकडे सुटून टाकीच्या तळाशी साचतात.

आता आवाजाचा उगम पाहू. थराच्या सच्छिद्र पोटात थोडे पाणी कॉईललगत अडकून राहते. टाकीतील उर्वरित पाणी कोमट असतानाच हे अडकलेले पाणी उकळते. वाफेचे बुडबुडे थराबाहेर पडतात आणि सभोवतालच्या थंड पाण्यात येताच मिटतात. या मिटण्याचाच आवाज आपल्याला ऐकू येतो. चुलीवरील आधण उकळण्यापूर्वी ‘गाते’, त्यामागेही हेच कारण आहे.

या थरामुळे विजेचे बिल फार वाढते, असे सर्रास सांगितले जाते. विजेच्या गीझरपुरते ते फारसे खरे नाही. कॉईल पाण्यात बुडालेली असल्याने तिची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. खरे नुकसान कॉईलचे होते. तांब्याच्या तुलनेत या थरातून उष्णता शंभराहून अधिक पटींनी कमी वाहते. त्यामुळे कॉईल आतल्या आत अतितप्त होते आणि अखेर तिचे धातूचे आवरण तडकते. आवरण तडकले की विजेचा पाण्याशी संबंध येतो. आज केवळ त्रासदायक वाटणारी खदखद उद्या शॉकचे निमित्त होऊ शकते, ती या मार्गाने.

टिकटिक, ठिबकणे आणि धक्का

पुढील तीन आवाजांनी पुष्कळ लोक उगीच घाबरतात. गीझर तापताना वा थंड होताना येणारी अनियमित टिकटिक धातूच्या प्रसरण-आकुंचनामुळे होते. वीज सुरू वा बंद होताना येणारा एकेक स्वच्छ ‘टिक’ थर्मोस्टॅटचा असतो. दोन्ही स्वाभाविक आहेत. मात्र काही सेकंदांच्या अंतराने ‘टिक-टिक’ होतच राहिले, तर थर्मोस्टॅट सदोष आहे किंवा त्याच्या नळीभोवती क्षार जमून त्याला तापमान चुकीचे कळते आहे, असे समजावे.

दुसरा आवाज ठिबकण्याचा. गीझर सुरू असताना सुरक्षा-झडपेतून थेंब पडू लागले की झडप खराब झाली, असा समज होतो. वस्तुतः पाणी तापले की फुगते. 25 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर नेले तर त्याचे आकारमान सुमारे 350 मिलिलिटरने, म्हणजे दीड पेल्याने, वाढते. परत मागे जाण्याचा मार्ग एकदिश झडपेने बंद असेल, तर हे वाढीव पाणी सुरक्षा-झडपेतूनच बाहेर पडणार. गीझर बंद असतानाही सतत धार लागत असेल, तरच झडपेत क्षार अडकल्याचा किंवा नळातील दाब जास्त असल्याचा संशय घ्यावा.

तिसरा आवाज नळ झटकन बंद करताच भिंतीत बसणाऱ्या धक्क्याचा. वेगाने धावणारे पाणी एकाएकी अडले की त्याचा आघात पाइपवर होतो. बहुमजली इमारतींत गच्चीवर प्रेशर पंप बसविल्यानंतर हा आवाज बहुधा सुरू होतो. केवळ थंड पाण्याचा नळ झटकन बंद करून पाहावा. तेव्हाही धक्का बसला तर गीझर निर्दोष आहे. पाइपांच्या पकडी घट्ट करणे आणि पंपाचा दाब कमी करणे हा त्यावरील उपाय. गीझर किती दाब सोसू शकतो, ते त्याच्या पट्टीवर लिहिलेले असते. 8 बार म्हणजे सुमारे 80 मीटर उंच पाण्याचा स्तंभ, हे गणित तेथे उपयोगी पडते.

तत्काळ वीज बंद करावी असे आवाज

गुणगुण, चरचर वा तडतड असा आवाज गीझरच्या खालच्या झाकणातून किंवा प्लगमधून येत असेल, तर तेथील तारांची जोडणी सैल आहे. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर प्रवाह घेतो. एवढा प्रवाह सैल जोडणीतून वाहिला की ठिणग्या उडतात, प्लग काळा पडतो आणि आग लागू शकते. अशा वेळी ओल्या हाताने गीझरचे बटण न चाचपता मुख्य फळीवरील एमसीबी खाली पाडावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. नळाला हात लावताच मुंग्या येत असतील, तरी हाच नियम. प्रत्येक घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा आणि त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

झडपेतून फुसफुसत वाफ किंवा उकळते पाणी येणे, हा दुसरा गंभीर इशारा. थर्मोस्टॅट आणि कट-आऊट दोन्ही निकामी झाल्याचे ते लक्षण आहे. एक लिटर पाण्याची साध्या दाबाखाली सोळाशे लिटरांहून अधिक वाफ होते. ती बंद टाकीत कोंडली तर काय होईल, याची कल्पना यावरून करता येते. म्हणूनच ठिबकणाऱ्या झडपेचे तोंड बूच मारून वा टेप गुंडाळून कदापि बंद करू नये. क्षारांनी चिकटलेली झडप काहीच आवाज करीत नाही आणि त्यामुळेच ती अधिक धोक्याची असते. झडपेला चाचणीची कळ असेल, तर ती वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून चालवून घ्यावी.

ज्यांच्याकडे गॅसचा गीझर आहे त्यांनी पेटताना येणाऱ्या ‘भप्प’ अशा दणक्याकडे दुर्लक्ष करू नये. गॅस उशिरा पेटल्याने, बहुधा बर्नर अस्वच्छ असल्याने, तसे होते. निळ्याऐवजी पिवळी ज्योत दिसणे हे अपुऱ्या ज्वलनाचे चिन्ह होय. अशा ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि आवाजही नाही. बंद न्हाणीघरात त्याने बंगळुरूसह अनेक शहरांत बळी घेतले आहेत. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच असावा.

घरच्या घरी करावयाची परीक्षा

मेकॅनिकला बोलविण्यापूर्वी चार गोष्टी टिपून ठेवाव्यात : आवाज तापताना येतो, थंड होताना, नळ बंद करताना की सतत, तो टाकीतून येतो, पाइपातून की प्लगमधून, घरात पाणी कावेरीचे, बोअरचे की मिश्र, आणि पाणी तापण्यास किती मिनिटे लागतात.

यांतील शेवटचा प्रश्न घड्याळाने सोडविता येतो. 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर नेण्यास सुमारे 0.6 युनिट वीज लागते. 2000 वॅटच्या गीझरला त्यासाठी 18 मिनिटे पुरतात. वेळ 24 मिनिटांवर गेला, तर प्रथम व्होल्टेज तपासावे. ते 200 वर उतरले की 2000 वॅटची कॉईल जेमतेम 1500 वॅट देते. व्होल्टेज ठीक असूनही वेळ वाढला असेल, तर कॉईलची परीक्षा करवून घ्यावी. पाणी वेळेत तापते, पण बादली भरण्याआधीच कोमट येते, असे असल्यास तळाशी साचलेल्या गाळाने टाकीची जागा व्यापली असण्याचा संभव आहे. टीडीएस मीटर विरघळलेल्या सर्व क्षारांची बेरीज दाखवितो, कठीणता नव्हे. पाणी जड आहे का हे साबणाचा फेस आणि पातेल्याच्या तळाचा पांढरा थर अधिक प्रामाणिकपणे सांगतात.

दुरुस्ती की नवी खरेदी?

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी वर्षातून एकदा, कावेरीचे वापरणाऱ्यांनी दोन-तीन वर्षांतून एकदा, टाकी धुऊन कॉईल स्वच्छ करून घ्यावी आणि त्याच वेळी अ‍ॅनोड रॉड पाहावा. न्हाणीघर धुण्याचे अ‍ॅसिड टाकीत कधीही ओतू नये. ते थराबरोबर धातूही खाते. थर्मोस्टॅट 60 अंशांच्या आसपास ठेवल्यास थर सावकाश धरतो. 50 च्या खाली मात्र नेऊ नये, कारण साठलेल्या कोमट पाण्यात जिवाणू वाढतात.

कॉईल, थर्मोस्टॅट, झडप, अ‍ॅनोड रॉड हे भाग बदलता येतात आणि त्यांचा खर्च नव्या गीझरच्या किमतीपुढे अल्प असतो. टाकी स्वतःच झिरपू लागली असेल, बाहेरच्या कवचाखालून गंजाचे पाणी येत असेल, तर मात्र दुरुस्तीवर पैसा घालण्यात अर्थ नाही. नवा गीझर घेताना टाकीची वॉरंटी कॉईलच्या वॉरंटीपेक्षा निराळी असते हे ध्यानात ठेवावे, पावती जपून ठेवावी आणि जड पाण्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसतो का, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे.