सवलतीची खोली आणि घेणाऱ्याचा स्वभाव

प्रश्न : शिर्डी असो की भंडारदरा, ‘साठ टक्के सूट’ दिसली की आमचे हे लगेच खोली बुक करतात, जायचं कधी ते मागाहून ठरतं. हा चिकटपणा म्हणायचा का? – एक वाचक, श्रीगोंदा

उत्तर : नाही, ताई. चिकट माणूस दर्शन घेऊन रात्रीच घरी परतेल. सूट शोधणाऱ्यांमध्ये दोन स्वभाव दिसतात. कूपन वापरणाऱ्या ग्राहकांविषयीच्या १९९०च्या एका अमेरिकी अभ्यासात ते वेगळे करून दाखवले होते. एक ग्राहक मोजलेल्या पैशांत काय मिळालं ते तोलतो. दुसऱ्याला सवलतीचीच ओढ असते. तुमचे यजमान दुसऱ्या गटातले वाटतात. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये मांडलं, की वस्तूच्या उपयोगाखेरीज ‘सौदा जमला’ याचंही वेगळं सुख असतं. ते सुख खोटं नाही, खरंच असतं; म्हणून त्यांना टोमणे मारू नका.

पण हे सुख खोडलेल्या जुन्या आकड्यावर उभं असतं, आणि तो आकडा हॉटेलवालाच लिहितो. शिर्डीत गुरुवारी, शनिवार-रविवारी, रामनवमी-गुरुपौर्णिमेला गर्दी. एरवी मंगळवारी तीच खोली सूट न सांगताही स्वस्त मिळू शकते. भंडारदऱ्याला काजव्यांच्या नि धबधब्यांच्या दिवसांत उलट, सूट सांगूनही खोली महाग पडू शकते.

तेव्हा आधी तारीख ठरवा, हॉटेलला थेट फोन करून त्या दिवसाचा भाव विचारा, आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात तेही. घासाघीस मात्र यजमानांनाच करू द्या.