'क्वेक'चं संगीत गेलं कुठे?

प्रश्न : पेणला कॉलेजात असताना खेळायचो तो 'क्वेक' नव्या लॅपटॉपवर टाकला. गेम चालतो, संगीत नाही. मूळ सीडी आहे. – एक वाचक, रोहा

उत्तर : १९९६च्या या सीडीवर पहिला ट्रॅक गेमचा. ट्रेंट रेझ्नरचं संगीत २ ते ११ ट्रॅकवर, गाण्यांच्या सीडीसारखंच. गेम हार्ड डिस्कवर उतरला, संगीत सीडीवरच राहिलं! बाहेरून सीडी ड्राइव्ह जोडून ते ट्रॅक 'ऑग' फाइलींत उतरवा. गेम चालवायला, या फाइली वाजवणारं 'क्वेकस्पाझम' हे मोफत इंजिन घ्या. गेमच्या 'आयडी१' फोल्डरात 'म्युझिक' फोल्डर करून फाइलींना 'ट्रॅक०२' ते 'ट्रॅक११' अशी नावं द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत. क्रमांक चुकला तर भलत्या लेव्हलला भलतंच वाजेल. यूट्यूबवरून उतरवलेलं संगीत मात्र नको, आवाज दबतो. आणि गेममधल्या खिळ्यांच्या पेटीवरचं चिन्ह नीट बघा, ते रेझ्नरच्याच 'नाइन इंच नेल्स' बँडचं आहे.