परसांतील बदकांचें रक्षण

पुणें शहराची हद्द सन २०१७ मध्यें व पुन्हां २०२१ मध्यें वाढली, आणि मांजरी, वाघोली, सूस, बावधन, नांदेड, खडकवासला इत्यादि गांवें महानगरपालिकेंत आलीं. कागदोपत्रीं हीं गांवें आतां शहर झालीं खरीं. परंतु तेथील परसांत अद्यापि शेळ्या, कोंबड्या व कोठें कोठें बदकेंही आहेत, आणि ओढ्याकांठचीं झुडपें, उंसाचा फड किंवा टेंकडीचें रान कुंपणापासून फार दूर नाहीं. सकाळीं परसांत जावें तों चहूंकडे पिसें पसरलेलीं दिसावीं, असा प्रसंग अशा ठिकाणीं पुष्कळांवर येतो. ज्या घरीं आठदहा बदकांच्या अंड्यांवर मीठमिरचीचा व मुलांच्या वह्यांचा खर्च निघतो, त्या घराला हा घाला लहान नव्हे. म्हणून आजच्या पाठांत ह्या विषयाचा विचार करूं.

प्रथम बदकाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. आपलीं पाळीव बदकें, मस्कोवी ही एक जात सोडल्यास, हिरव्या डोक्याच्या रानबदकाचे वंशज होत. पाषाणच्या तळ्यावर दिसणारें हळदीकुंकू बदक चाहूल लागतांच उडून जातें. परंतु आपलें बदक मनुष्याच्या घरीं शेंकडों पिढ्या राहून जड झालें व उडणें जवळजवळ विसरलें. त्याचे पाय शरीराच्या मागील बाजूस असल्यामुळें तें जमिनीवर डुलत चालतें, धांवूं शकत नाहीं. कोंबडी अंधार पडतांच उंच दांडीवर चढून बसते; बदक जमिनीवरच बसून झोंप घेतें. कोंबड्यांच्या खुराड्यांत दोन बदकें सोडून दिलीं म्हणजे झालें, असें जें पुष्कळांस वाटतें, तें म्हणूनच चुकीचें आहे.

दुसरी समजूत अशी कीं, रात्रीं दार लावलें म्हणजे भय संपलें. कोल्हा, रानमांजर व उदमांजर हीं बहुधा संध्याकाळीं, रात्रीं व पहांटे फिरतात हें खरें. परंतु मुंगूस हें दिवसां हिंडणारें जनावर आहे. सकाळचें ऊन पडलें कीं तें बांधाच्या कडेनें निघतें, आणि अंडें सांपडलें तर पाठमोरें होऊन मागच्या पायांमधून तें दगडावर आपटून फोडतें. सापाचा शत्रु म्हणून आपण त्याचें कौतुक करतों, त्याचें दर्शन शुभही मानतों. पण लहान पिलांच्या बाबतींत त्याच्यावर भरंवसा ठेवूं नये. घार व कावळा हेही दिवसांचेच चोर. पहिले तीनचार आठवडे पिलांवर जाळीचें छत नसेल, तर आईच्या देखत पिलूं उचललें जातें.

ह्या बाबतींत मीं स्वतः केलेली चूक सांगतों. पहिलें खुराडें बांधलें तेव्हां मीं षट्कोनी घरांची पातळ जाळी लावली, जिला दुकानदार कोंबडीची जाळी म्हणतात. तिनें कोंबडी आंत राहते; परंतु बाहेरचा बाहेर राहतोच असें नाहीं. एके पहांटे पांच बदकें मेलेलीं आढळलीं. एकही नेलेलें नव्हतें. आम्हीं कोल्ह्याला शिव्या दिल्या. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं मात्र चिखलांतील पावलें पाहून सांगितलें कीं, हीं गल्लींतल्या कुत्र्यांचीं आहेत. कोल्हा बहुधा एखादें पांखरूं घेऊन पळतो. मोकाट कुत्रीं खेळ म्हणून सर्वच मारून टाकतात. पुण्याच्या आसपास रानाला दोष देण्यापूर्वीं गल्लीकडे पाहणें बरें. एकच पिलूं नाहींसें झालें व भिंतीशीं ताजी माती उकरलेली दिसली, तर घुशीचा संशय घ्यावा. अंडीं कवचासकट नाहींशीं झालीं व मागें कांहींच खूण राहिली नाहीं, तर साप किंवा घोरपड येऊन गेली असण्याचा संभव असतो.

आतां खुराड्याविषयीं. जमीन कच्ची ठेवूं नये. शहाबादी फरशी किंवा कोबा घालून त्यावर भुसा पसरावा, म्हणजे घूस खालून येणार नाहीं. दर बदकामागें आंत सुमारें चार चौरस फूट जागा असावी. बदकांमुळें खुराड्यांत ओल फार होते, म्हणून वरच्या बाजूस वारा खेळता हवा. परंतु त्या झरोक्यांनाही अर्ध्या इंचाच्या घरांची जाड वेल्डमेश जाळी लावावी. मोठ्या घरांच्या जाळींतून मांजर पंजा घालतें. बाहेरच्या कुंपणाची जाळी जमिनींत फूटभर पुरून तिचें टोंक बाहेरच्या बाजूस वळवावें. उकरणारें जनावर कुंपणाच्या बुडाशींच उकरतें व तेथें त्याला जाळी लागते. दाराला नुसता आंकडा पुरत नाहीं, कडीकोयंडा घालावा. पाण्याकरितां तळें नसलें तरी चालतें; डोकें व नाकपुड्या बुडतील इतकें खोल घमेलें पुरे.

बदकें बहुतेक अंडीं सकाळीं नऊच्या आंत घालतात. तोंपर्यंत त्यांना कोंडून ठेवलें तर अंडीं झुडपांत हरवत नाहींत, आणि पहांटेची धोक्याची वेळही टळते. खाकी कॅम्पबेल ही जात सन १९०० च्या सुमारास इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांत अडेल कॅम्पबेल ह्या बाईंनीं तयार केली. चांगल्या निगेनें तिची मादी वर्षाला २५० हून अधिक अंडीं देते. अशी एक मादी गेली म्हणजे काय गेलें, तें गृहिणीला सांगावयास नको.

विषाचा व सांपळ्याचा मार्ग कोणीं धरूं नये. मुंगूस, कोल्हा, रानमांजर, उदमांजर व घोरपड ह्यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. शिवाय विष घातलेला तुकडा कोणाच्या पोटांत जाईल हें घालणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं; मोर मरतात, शेजाऱ्याचें कुत्रें मरतें, आणि मूलही तो तुकडा उचलूं शकतें. कुंपणांत विजेचा प्रवाह सोडणें तर याहून भयंकर. अशा तारेनें रात्रीं पाणी द्यायला निघालेलीं माणसें मेलीं आहेत. जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर ह्या बिबट्याच्या टापूंत खुराडें घराच्या भिंतीला लागून, वरून पक्कें झांकलेलें असावें, आणि मेलेलें पांखरूं उघड्यावर टाकूं नये. त्यावर कुत्रीं जमतात व कुत्र्यांमागें बिबट्या येतो. वन्य जनावर घरांत किंवा परसांत अडकल्यास त्याला न छेडतां वनखात्याला १९२६ ह्या क्रमांकावर कळवावें.

बदकें आपण होऊन घरीं येतीलच असें नाहीं. पाण्यावर रमलीं म्हणजे काळोख पडला तरी तेथेंच राहतात. म्हणून दिवसाचें मुख्य खाणें संध्याकाळीं, खुराड्याच्या आंतच, ठराविक हांक मारून द्यावें. आठपंधरा दिवसांत तीं त्या हांकेला ओळीनें येऊं लागतात. दार लावण्यापूर्वीं तीं मोजावींत, आणि हें काम घरांतील एकाच मुलाकडे किंवा मुलीकडे नेमून द्यावें. दोघांकडे दिलें म्हणजे एकाला वाटतें दुसऱ्यानें मोजलीं.